हळदीच्या घरातली केमो

प्रत्येक सलाईनच्या आधी सिस्टर एक प्रश्न विचारायच्या. वजन झालं, बीपी झालं, रक्ताचा रिपोर्ट फाइलला लावला, की पेन हातात घेऊन म्हणायच्या, "ताई, आणखी काही चालू आहे का? आयुर्वेदिक, होमिओपॅथी, घरगुती काही?" मी दर वेळी "नाही" म्हणायचे. थायरॉइडची गोळी तेवढी सांगायचे. त्याच वेळी मांडीवरच्या पर्समध्ये पिवळ्या कॅप्सूलची बाटली असायची. खोटं बोलायचं असं काही मनात नव्हतं. हळदीला औषध म्हणायचं असतं हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. हळद ती हळद.

आमचं सांगलीत हळदीचं अडत दुकान. सासरे असल्यापासूनचं. लग्न होऊन आले तेव्हा हरिपूरची पेवं भरलेली असायची. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवांत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड लागत नसे. 2005 च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याने गेली, तेव्हा सासरे दोन दिवस जेवले नव्हते. 1997 साली अमेरिकेतलं हळदीचं पेटंट रद्द झालं, तेव्हा याच सासऱ्यांनी दुकानात पेढे वाटले होते म्हणे. जखमेवर हळद लावायची ही आपली आजीबाईची गोष्ट तिकडच्या एका विद्यापीठाने 1995 मध्ये आपल्या नावावर करून घेतली होती. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या आपल्या देशाच्या सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख होते. त्यांच्या संस्थेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन ते पेटंट मोडून काढलं. ती कात्रणं आमच्याकडे अजून आहेत. 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते प्रमाणपत्र छापून आलं तेव्हा मी स्वतः फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावलं.

मी दुकानाचा हिशेब बघते. पोती, वजन, पट्टी, हमाली सगळं माझ्या वहीत. कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा पदार्थ. हा शब्द मला डॉक्टरांकडून कळलेला नाही, तो आमच्या धंद्यातलाच. जुने व्यापारी हळकुंड मोडून बघायचे. टणत्कार झाला पाहिजे, आतला रंग शेंदरी दिसला पाहिजे. आता अर्क काढणाऱ्या कंपन्यांची माणसं येतात ती आधी विचारतात, "कर्क्युमिन किती टक्के?" नमुना प्रयोगशाळेत जातो, आकडा येतो, त्यावर भाव. साधारण हळदीत ते तीन टक्क्यांच्या आसपास. चार-पाच निघालं तर शेतकऱ्याचा चेहरा खुलतो.

तर अशा घरात, 2022 च्या नोव्हेंबरात, अंघोळ करताना माझ्या डाव्या छातीला गाठ लागली. वय 46.

सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुईने तुकडा काढून तपासणी, मग स्कॅन. हे सगळं पंधरा दिवसांत झालं आणि त्या पंधरा दिवसांतलं मला फार आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मिरजेतल्या डॉक्टर मॅडमनी कागदावर आडव्या रेघा मारून दाखवल्या होत्या. आधी चार मोठे डोस, तीन-तीन आठवड्यांनी. मग बारा छोटे, दर आठवड्याला एक. मग ऑपरेशन, मग शेक म्हणजे रेडिएशन, मग पाच ते दहा वर्षं रोज एक गोळी. गाठ हार्मोनवर वाढणारी आहे, म्हणून ती गोळी लागू पडेल. यांनी तो कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि उन्हाळ्यापर्यंत तो रोज नव्या शर्टाच्या खिशात जात राहिला.

पहिले चार डोस म्हणजे ज्याला सगळे 'लाल औषध' म्हणतात ते, आणि त्याच्यासोबत दुसरं एक. लाल औषध हाताने सिरिंजमधून हळूहळू सोडतात. सिस्टर समोर स्टूल घेऊन बसायच्या, डोळे माझ्या शिरेवर. त्या रात्री लघवीही लालसर होते, ते आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर माणूस घाबरतो. सतराव्या दिवशी केस उशीवर आले. तोंड आलं, वरणभातसुद्धा झोंबायला लागला.

जानेवारीत माझी जाऊ पुण्याहून आली ती बाटली घेऊन. तिच्या सोसायटीत कुणीतरी सांगितलं होतं, फोनवर व्हिडिओ आले होते, एका बाईची गाठ विरघळली वगैरे. बाटलीवर लिहिलेलं, 95 टक्के कर्क्युमिन, सोबत काळ्या मिरीचा अर्क. तिने 2,800 रुपये मोजले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "अगं, आपलीच हळद आहे. आपण जगाला देतो आणि आपल्याच घरात नको?" तिचे डोळे भरले होते. मी त्याच रात्रीपासून दोन कॅप्सूल सुरू केल्या, सकाळी एक, रात्री एक. सासूबाईंनी देवापुढे ठेवून मग दिल्या.

खरं सांगते, त्या कॅप्सूलने मला बळ आलं होतं. सलाईनमधून जाणारं सगळं परकं वाटायचं, ही एक गोष्ट माझी होती.

मार्चमध्ये दुसरं औषध सुरू झालं, बारा आठवड्यांचं. पॅक्लिटॅक्सेल. पहिल्या दिवशी सलाईन लावण्याआधी अर्धा तास नुसती इंजेक्शनं चालली होती, स्टेरॉइड, ॲलर्जीचं, पोटाचं. नळी वेगळी, तिच्यात मध्ये बारीक गाळणी. सिस्टर बीपीचा पट्टा बांधून बाजूलाच बसल्या. मी म्हटलं, आता हे तर पाण्यासारखं दिसतंय, एवढी तयारी कशाला? त्या म्हणाल्या, "हेच बघायचं असतं, पहिली पंधरा मिनिटं."

सात-आठ मिनिटंच झाली असतील. आधी कान गरम झाले. मग चेहरा. मग कुणीतरी छातीवर हळदीचं पोतं ठेवावं तसं दडपण आलं आणि कंबरेतून एक कळ गेली. मला "सिस्टर" म्हणतासुद्धा आलं नाही, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघूनच नळी बंद केली होती. ऑक्सिजन, आणखी एक इंजेक्शन, मॅडम धावत आल्या. वीस मिनिटांत सगळं ओसरलं. मग तासाभराने तेच औषध अगदी थेंब-थेंब परत सुरू केलं आणि ते पूर्ण गेलं, काही झालं नाही.

मॅडम नंतर शेजारी बसून म्हणाल्या, "ताई, हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या एका द्रवात आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. रिॲक्शन बहुतेक वेळा त्या द्रवाची असते." एरंडेल! लहानपणी आई रविवारी नाक दाबून पाजायची ते. मी विचारलं, आणि औषध कशाचं? त्या म्हणाल्या, "झाडाच्या सालीचं."

माझ्या डोक्यात तोवर पक्कं होतं, की सलाईनमधलं सगळं कारखान्यातलं आणि कॅप्सूलमधलं तेवढं झाडाचं. घरी आल्यावर लेकीला विचारलं. ती कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करत होती. तिने मला त्या आठवड्यात जे सांगितलं, ते मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवलं आहे.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला यू नावाचं एक झाड आहे, सावलीत हळूहळू वाढणारं. 1962 मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून त्याची साल गोळा करून तपासायला पाठवली गेली. हजारो वनस्पती अशा तपासत होते, त्यातली ही एक. नॉर्थ कॅरोलायनातल्या प्रयोगशाळेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी त्या सालीतून नेमका तो एक पदार्थ वेगळा काढला आणि 1971 मध्ये त्याची रचना जगापुढे मांडली. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. 1925 चा जन्म, मुंबई विद्यापीठात शिकले, मग तिकडे गेले, 2020 मध्ये तिकडेच वारले. मला हे कळलं तेव्हा मी लेकीला दोनदा वाचायला लावलं. खानदेशातला एक मुलगा, आणि त्याने काढलेलं औषध माझ्या शिरेत. आमच्या घरात माशेलकरांची कात्रणं आहेत, वाणींचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं, याचं मला फार वाईट वाटलं.

रचना कळली म्हणून औषध झालं नाही. ते पेशीवर कसं काम करतं हे 1979 मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. पेशी दुभंगताना आत जे बारीक दोरे तयार होतात आणि पुन्हा सुटतात, ते या औषधाने सुटतच नाहीत. दोरे ताणलेले राहतात, पेशीला दोन होता येत नाही, ती मरते. मग माणसांवर चाचण्या, आणि 1992 मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी तिकडे मंजुरी. साल आली त्या दिवसापासून तीस वर्षं.

आणि वजनाचा हिशेब तर मला रात्रभर पुरला. एक किलो औषधाला जवळजवळ 10,000 किलो साल लागायची. एका म्हाताऱ्या झाडाची सगळी साल सोलली तर तीन किलो, त्यातून 300 मिलिग्रॅम औषध. साल काढली की झाड मरतं. मला दर आठवड्याला 130 मिलिग्रॅमच्या आसपास जात होतं. त्या जुन्या पद्धतीने माझ्या बारा डोसांना पाच-सहा झाडं पडली असती. पुढे यूच्याच दुसऱ्या एका जातीच्या झाडाच्या पानांतून जवळचा पदार्थ काढून त्यावर प्रयोगशाळेत उरलेलं काम करायची युक्ती निघाली. पानं पुन्हा फुटतात, झाड राहतं. आता तर त्याच्या पेशी टाक्यांमध्ये वाढवूनही औषध काढतात.

तिसऱ्या डोसच्या वेळी रक्ताचा रिपोर्ट आला आणि सिस्टर सलाईन न लावता मॅडमना बोलवायला गेल्या. लिव्हरचा आकडा, एसजीपीटी, 186. चाळीसच्या आत हवा. मॅडमनी रिपोर्ट दोनदा बघितला. "आज देता येणार नाही." मग माझ्याकडे वळून, "ताई, बाहेरचं काही घेताय?"

मी गप्प. यांनीच सांगितलं, "हळदीच्या कॅप्सूल घेते. जानेवारीपासून."

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "बाटली आहे का जवळ?" मी पर्समधून काढून दिली. त्यांनी ती उलटसुलट करून, चष्मा वर सरकवून सगळं बारीक अक्षर वाचलं. आणि मग पंधरा मिनिटं बाहेरची रांग थांबवून माझ्याशी बोलल्या. त्या पंधरा मिनिटांसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

आधी त्यांनी हे स्पष्ट केलं, की आकडा कॅप्सूलनेच वाढला असं छातीठोक सांगता येणार नाही. केमोनेही वाढतो. काविळीच्या तपासण्या करू, सोनोग्राफी करू. पण भरपूर ताकदीच्या हळदीच्या गोळ्यांनी लिव्हरला सूज आल्याच्या केसेस अमेरिकेत, इटलीत नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये मिरीचा अर्क होता. "भाजीतली हळद खुशाल खा. ही बाटली म्हणजे भाजी नाही."

मग मी माझा प्रश्न विचारला. मॅडम, कर्क्युमिनने कॅन्सरच्या पेशी मरतात हे खोटं आहे का?

"काचेच्या बशीत मरतात," त्या म्हणाल्या. "त्यावर हजारो प्रयोग झालेत." पण आपण ते खाल्लं की आतडं आणि लिव्हर त्याच्यावर लगेच प्रक्रिया करून त्याला बाहेरची वाट दाखवतात. काही अभ्यासांत रुग्णांना दिवसाला 8 ग्रॅम कर्क्युमिन दिलं, तरी रक्तात सापडलं ते अगदी नगण्य. मी मनातल्या मनात भागाकार केला. तीन टक्क्यांच्या हिशेबाने 8 ग्रॅम म्हणजे पाव किलोहून जास्त हळद, रोज. आमच्या घरात महिन्याला तेवढी लागत नाही.

म्हणून मग मिरी घालतात. 1998 मध्ये बंगळूरच्या डॉक्टरांनी दाखवलं, की मिरीतल्या पायपरीनबरोबर दिलं तर माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन कितीतरी पटींनी वाढतं. हे ऐकून मला आधी आनंदच झाला. मॅडम म्हणाल्या, "कसं वाढतं ते बघा ना." लिव्हर जे काम करून पदार्थ बाहेर काढते, ते काम मिरीचा अर्क मंदावतो. आणि लिव्हर काही एकट्या कर्क्युमिनसाठी बसलेली नाही. तिच्याकडेच पॅक्लिटॅक्सेल जातं. तिचं काम अडलं तर माझं औषध किती वेळ आणि किती जोरात अंगात राहील, याचा हिशेब कोण ठेवणार? डोस तर मॅडमनी वजन-उंची बघून मिलिग्रॅममध्ये काढलेला.

आणखी एक त्यांनी सांगितलं, ते ऐकून माझे हात गार पडले. नॉर्थ कॅरोलायनातल्याच एका विद्यापीठात 2002 मध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या उंदरांवर प्रयोग झाला होता. खाण्यात कर्क्युमिन मिसळलेल्या उंदरांच्या गाठी केमोने हव्या तशा कमी झाल्या नाहीत. ती केमो म्हणजे माझ्या पहिल्या चार डोसांतलं लाल औषधासोबतचं दुसरं औषध. "उंदीर आहेत, माणसं नव्हेत. माणसात असंच होतं असं मी म्हणणार नाही," मॅडमनी पुन्हा बजावलं. "पण मला माहीत असतं तर मी तेव्हाच बंद करायला सांगितलं असतं." मी त्या चारपैकी दोन डोसांच्या वेळी कॅप्सूल घेत होते.

बाटली त्यांनी कचऱ्यात टाकली नाही. यांच्या हातात दिली आणि सांगितलं, जपून ठेवा, नाव आणि बॅच नंबर लागेल.

दोन आठवडे डोस चुकले. ते दोन आठवडे मी पलंगावर पडून गाठीला हात लावून बघायचे, वाढली का, वाढली का. कॅप्सूल बंद, बाकी काही बदललं नाही. काविळीच्या तपासण्या स्वच्छ आल्या. आकडा 186 चा 94 झाला, मग 51. तिसरा डोस लागला तेव्हा मी आणि सिस्टर दोघीही हसलो.

पुढच्या आठवड्यांत माझ्या शेजारच्या खुर्चीवर तासगावकडच्या एक आजी असायच्या, गाठींचा कॅन्सर, लिम्फोमा. त्यांना जे एक इंजेक्शन मिळायचं ते सदाफुलीचं, व्हिंक्रिस्टिन. माझ्या आईने साखरेसाठी वर्षभर सदाफुलीची पानं चावली होती, म्हणून मी कान टवकारले. लेक म्हणाली, माझ्या आईसारखीच समजूत जमैकातही होती, सदाफुलीचा काढा साखरेवर घ्यायचा. 1950 च्या दशकात ती पानं कॅनडात पोचली. रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी उंदरांवर बघितलं, तर साखरेवर काही परिणाम नाही. पांढऱ्या पेशी मात्र धडाधड खाली. ज्याने पांढऱ्या पेशी अशा उतरतात ते रक्ताच्या कॅन्सरवर चालेल का, हा पुढचा प्रश्न त्यांना सुचला, म्हणून आज ही औषधं आहेत. माझ्या आईची साखर पानांनी उतरली नाही, हे मला तेव्हा कुठे समजलं. आणि तीच पानं चावणं किती धोक्याचं होतं हेही.

आपल्या सह्याद्रीतलंही एक झाड आहे, नरक्या. उग्र वास म्हणून नाव नरक्या. लेकीने राधानगरीच्या बाजूला अभ्यास सहलीत बघितलंय. त्यात कॅम्प्टोथेसिन नावाचं रसायन असतं. तेही आधी वॉल आणि वाणींनीच, 1966 मध्ये, एका चिनी झाडातून वेगळं केलं होतं. माणसांना ते जसंच्या तसं देऊन बघितलं तर मूत्राशयाला इतकी इजा झाली की चाचण्या थांबवाव्या लागल्या. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचं रूप थोडं बदललं, तेव्हा 1996 मध्ये आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची दोन औषधं हाती आली. लेक सांगते, नरक्याची चोरटी तोड होते, वनखातं पकडतं, आणि आता जुनी झाडं शोधावी लागतात. तिला याचा फार राग आहे. मलाही आहे. कुणाचं तरी सलाईन उभं आहे तिथं.

हळद मात्र अजून या रांगेत नाही. मी हळदीच्या घरातली बाई, मला हे लिहिताना बोचतं, पण आहे ते असं आहे. कर्क्युमिन वेगळं काढलं 1815 मध्ये, म्हणजे यूच्या सालीच्या कितीतरी आधी. 2017 मध्ये काही रसायनशास्त्रज्ञांनी आजवरचं सगळं तपासून लिहिलं, की हा पदार्थ स्वतःच चमकतो, रंग देतो, मिळेल त्या प्रथिनाला चिकटतो, त्यामुळे प्रयोगशाळेच्या चाचण्यांना फसवतो. आणि तोवर नीट तुलना करून केलेल्या एकाही चाचणीत तो औषध म्हणून सिद्ध झाला नव्हता, असंही त्यांनी लिहिलं. कॅन्सर टाळण्याचं म्हणाल तर आतड्यात आनुवंशिक गाठी होणाऱ्या लोकांना वर्षभर दिवसाला 3 ग्रॅम देऊन बघितलं, 44 जण होते, 2018 चा अभ्यास. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत आणि त्यांच्यात फरक निघाला नाही. आधी पाच जणांवर केलेल्या अभ्यासात गाठी कमी झाल्या होत्या. व्हिडिओत ते पाच जण फिरतात, हे 44 फिरत नाहीत. जाहिरात करणाऱ्यांचा मला राग येतो तो इथे. केरळात 1987 मध्ये कॅन्सरच्या उघड्या जखमांवर हळदीचा लेप लावून बघितला होता, तेव्हा वास आणि खाज कमी झाली होती. तेवढं काम मला खरंच मोलाचं वाटतं, त्या रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या माणसाला विचारा.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि एक दिवस त्यांची मिश्रीची डबी घेऊन माझ्यापुढे ठेवली. साठ वर्षांची सवय. "हिच्यानं होतो म्हणतात तो खरा का?" मी म्हटलं, हो आई, हे मात्र पक्कं. त्यांच्या बाबतीत कॅन्सर टाळण्याचा उपाय हळदीच्या डब्यात नव्हता, या डबीत होता. सोडायला त्यांना चार महिने लागले.

चैत्रात सहावा-सातवा डोस झाला होता. घरात चैत्रगौर बसलेली, आंब्याची डाळ, पन्हं, बायका हळदीकुंकवाला आलेल्या. मी डोक्याला पदर घट्ट बांधून बसले होते. पहिल्या सवाष्णीला हळद लावायला चिमूट उचलली आणि मला चिमटीत काही लागेचना. अंगठा आणि बोट एकमेकांना टेकलेत का हेसुद्धा कळेना. बघितलं तर चिमूट रिकामी. पुन्हा उचलली, तर मूठभर हळद तिच्या पदरावर सांडली. हळद सेलम जातीची की राजापुरी हे डोळे मिटून दोन बोटांत चोळून सांगणारी मी. पॅक्लिटॅक्सेलने नसा बधिरतात, मॅडमनी सांगितलं होतं, पण असं होईल हे नव्हतं वाटलं. त्या बाईने माझा हात धरला, माझंच बोट हळदीत बुडवलं आणि आपल्या कपाळाला लावून घेतलं.

बारावा डोस मेच्या शेवटी झाला. ऑपरेशन जुलैत. काढलेल्या भागात गाठीचा जेमतेम 4 मिलिमीटरचा अवशेष होता, काखेतल्या गाठी साफ होत्या. मग शेक. ऑक्टोबरपासून टॅमॉक्सिफेनची रोज एक गोळी.

दिवाळीत जाऊ आली, आणि नवी बाटली घेऊन आली. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. एवढ्या मायेने आणलेली गोष्ट, कसं सांगायचं, म्हणून महिनोन्‌महिने टाळलं होतं. ती म्हणाली, "आता केमो संपली. आता परत होऊ नये म्हणून तरी घे." मी तिला आत नेलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं. 186, चुकलेले डोस, उंदीर, मिरी. आणि टॅमॉक्सिफेनचंही. ती गोळी तशीच काम करत नाही, लिव्हर तिचं एंडॉक्सिफेन करते तेव्हा ती लागू पडते. रॉटरडॅममध्ये 2019 मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना हळदीच्या गोळ्या मिरीसकट देऊन रक्त तपासलं, तर ते एंडॉक्सिफेन 12 टक्क्यांनी उतरलं होतं. जेमतेम 16 जणी होत्या, पण मॅडमनी मला स्वच्छ सांगितलंय, नको.

ती बराच वेळ बाटलीकडे बघत बसली. रडेल असं वाटलं. मग म्हणाली, "मग मी तुझ्यासाठी काय आणू?"

मी म्हटलं, काही आणू नकोस. पायाची बोटं अजून बधिर आहेत, रात्री आग होते.

तिने स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची वाटी कोमट करून आणली, पाटावर बसली आणि माझे पाय मांडीवर घेतले. करंगळीशी तिचा हात पोचला की मला कळायचं नाही, घोट्याशी आला की कळायचं. बाहेर पोरं फटाके उडवत होती. ती चोळत राहिली.